बाराशे वाक्यांचा आवाज

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला जावयाने एकशे सत्तावीस नंबरचं वाक्य लावलं आणि त्याच्या सासऱ्यांचा आवाज फाटला. "गाडी वळवताना आधी आरशात..." इथपर्यंत खणखणीत. मग कर्रर्र करून काहीतरी चिरडल्यासारखं झालं, पडदा निळा पडला आणि मशीन आपोआप बंद झालं. मंगळवार दुपारपासून हेच चाललं होतं. कुठलीही दहा-पंधरा वाक्यं लावा, एखादं तरी फाटणार आणि मशीन मान टाकणार.

आणि हा आवाज आता जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. सासरे तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत आलेले. अर्धं गाव त्यांचा ओरडा खाऊन गिअर टाकायला शिकलेलं. गळ्यात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा जावयानेच त्यांना आपल्या केंद्रात आणलं. या केंद्राचं कामच ते. ज्याचा आवाज जाणार आहे त्याच्याकडून बाराशे वाक्यं वाचून घ्यायची आणि त्यांतून कॉम्प्युटरमध्ये त्याचा आवाज घडवायचा. पुढे माणसाने टाइप करायचं आणि मशीनने त्याच्याच आवाजात बोलायचं. सासऱ्यांनी तीन आठवडे वाक्यं वाचली. सोमवारी शेवटचं वाक्य झालं, मंगळवारी सकाळी ऑपरेशन.

आणि नेमकी सोमवारी संध्याकाळीच जावयाला अवदसा आठवली. केंद्रातले कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. काम संपलं आहे, मशीन मोकळी आहेत, म्हणून त्याने सगळ्यांचे ड्रायव्हर अपडेट करून टाकले. ड्रायव्हर म्हणजे साउंड कार्ड, डिस्क असल्या प्रत्येक वस्तूशी मशीनला बोलायला लागणारे छोटे प्रोग्रॅम. जुने झाले की नवे टाकायचे, यात विशेष काही नव्हतं. आजवर कधी काही झालं नव्हतं.

आता चार दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अपडेट काढून जुने ड्रायव्हर परत टाकून झाले, फरक शून्य. बुधवारी संध्याकाळी सगळी वाक्यं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून केंद्राच्या मॅडमच्या लॅपटॉपवर लावून बघितली, तिथेही फाटकी. म्हणजे फाइलीच गेल्या. बायको चार दिवसांत त्याच्याशी एकच वाक्य बोलली होती.

"तू माझ्या बाबांचा आवाज घालवलास."

बारा वाजता सप्लायरचा माणूस येऊन डिस्क दुरुस्त करणार होता. जे वाचेल ते वाचेल, बाकी पुसलं जाईल. जावई निळ्या पडद्याकडे बघत बसला होता आणि त्याच्या मागे मघापासून कोणीतरी येऊन उभं होतं.

"जावईबापू, उठा. खुर्ची द्या मला," सासूबाई म्हणाल्या.

२

सासूबाई मुख्याध्यापिका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. अख्ख्या तालुक्यात परीक्षेत कॉपीचा संशय आला की पेपर यांच्याकडे यायचे. कोणी कोणाचं बघून लिहिलं हे त्या पोरांना न भेटता सांगायच्या, आणि पोरं भेटली की कबूल करायची. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"आई, तुम्ही इथे? बाबांजवळ कोण?"

"तुमची बायको. ऐका, काल त्यांनी पाटीवर लिहिलं, आवाज झाला का? मी म्हटलं, होतोय. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका सांगितलं आणि काल मी स्वतः बोलले." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पर्समधून वही-पेन काढलं. "आज संध्याकाळी ते परत विचारणार. तेव्हा काय सांगू ते मला शोधून द्या. नाहीतर मी शोधते."

"आई, शोधायचं काय राहिलंय? मीच केलंय ते." जावयाने खुर्ची सोडली. "चोर समोर बसलाय."

"गुन्हा कबूल करायची एवढी घाई असणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. त्यांतली निम्मी निर्दोष निघाली. लावा ते वाक्य."

त्याने मशीन पुन्हा चालू करून एकशे सत्तावीस लावलं. "गाडी वळवताना आधी आरशात बघा, मग..." कर्रर्र. निळा पडदा. सासूबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"परत."

या वेळी "गाडी वळ..." इथेच कर्रर्र झालं, पण मशीन तगलं आणि पुढचं वाक्य नीट वाजलं. बाईंनी पुन्हा लिहिलं.

"या निळ्या पडद्यावर काय लिहून येतं?"

"कशामुळे बंद पडलं ते. पहिल्यांदा साउंडच्या ड्रायव्हरचं नाव आलं, म्हणून तर कळलं माझ्या अपडेटमुळे झालं. मग डिस्कच्या ड्रायव्हरचं. काल तर पडद्याच्या ड्रायव्हरचं आलं."

"दर वेळी वेगळा आरोपी?"

"हो."

"आणि तुम्ही ते सगळे बदलून पाहिलेत, तरी फरक नाही." बाईंनी वही मिटली. "इथेच घोडं पेंड खातंय. या खोलीत कोणकोण येतं?"

३

तिघं येत होती. पहिल्या, रिसेप्शनवाल्या काकू. त्या सासूबाईंना बघताच उठून उभ्या राहिल्या. कोणे एके काळी त्यांनी मुलीचा दाखला काढायला बाईंच्या ऑफिसात हेलपाटे घातले होते.

"काय सांगू बाई, वाईट झालं हो. पण आता खोटं कशाला बोलू, माझ्या मशीनला जावयांचा हात लागला आणि त्याचं सोनं झालं! दिवसातून दहा वेळा बंद पडायचं मेलं. आता बघा, चार दिवसांत एकदाही नाही. उघडायला जरा वेळ लावतं पूर्वीपेक्षा, पण चालतं गुणाने."

"सोमवारी संध्याकाळपासून चांगलं झालं?"

काकूंनी विचार केला. "नाही, मंगळवारी सकाळी दोनदा बंद पडलं की. पेशंटची नावं दोनदा लिहायला लागली मला. जेवून आले आणि मग जे चालायला लागलं!"

बाईंनी लिहून घेतलं. जावई मागे उभा राहून घड्याळाकडे बघत होता. पावणेअकरा.

दुसरा रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे कानसेन म्हणत. वाक्यामागे पंखा फिरल्याचा आवाज आला तरी त्याला तो ऐकू जाई आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावी. तो चहाचा ग्लास हातात धरून भिंतीला टेकून उभा होता आणि बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता.

"सोमवारपर्यंत एकदम क्लीन होतं काम," तो म्हणाला. "माझी गॅरंटी. शेवटच्या दिवशी बाबा दमले होते, खोकत होते. तेवढी वाक्यं खोकल्यासकट ठेवली, पुन्हा म्हणवून घ्यायला मन झालं नाही माझं. बाकी एकाही वाक्यात खोट सापडणार नाही तुम्हाला."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी... आवाज घडवायला घेतला. प्रोग्रॅम फार हळू चालत होता. मेमरी कमी पडतेय म्हणत होता." त्याने चहाचा घोट घेतला. "मग दुपारपासून बंदच पडायला लागलं. मी काय सांगणार, मला त्यातलं कळत नाही."

पुढे काही विचारलं तर ताकास तूर लागू देईना.

तिसऱ्या, केंद्राच्या मॅडम. टेबलावर सप्लायरचं वॉरंटीकार्ड ठेवूनच बसल्या होत्या.

"मला पण वाईट वाटतं हो. पण मशीन उघडायची कोणालाच परवानगी नाही. कडेला सील आहे, बघा जाऊन, शाबूत आहे. म्हणजे आत काही झालेलं नाही, जे झालं ते ड्रायव्हरने झालं. यांनी स्वतःच मान्य केलंय."

सासूबाई रेकॉर्डिंगच्या खोलीत परत गेल्या. मशीन एका लाकडी कपाटात उभं ठेवलेलं होतं, घरघर ऐकू येऊ नये म्हणून. जावयाने ते बाहेर ओढलं. सील खरंच जागेवर होतं. पण बाई सीलकडे बघत नव्हत्या. सीलला लागूनच, मशीनच्या उभ्या पत्र्यावर, एक तपकिरी गोल डाग होता. चहाच्या ग्लासाचा.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "उभ्या भिंतीवर ग्लास कसा ठेवतात हो?"

तेवढ्यात मॅडम दारात आल्या.

"सप्लायरचा माणूस लवकर आलाय. त्याला दुसरीकडे जायचंय, तो आत्ताच सुरू करतोय."

४

सप्लायरचा माणूस घाईचा होता. त्याने मशीन परत कपाटात सरकवलं, चालू केलं, दोन बटणं दाबली आणि पडद्यावर एक पट्टी पुढे सरकू लागली. आधी तपासणी, मग दुरुस्ती. तपासणी आठ टक्के.

सासूबाई मात्र खुर्चीत बसल्या. वहीत बोट घालून त्यांनी जावयाला विचारलं, "मला एक समजावून सांगा, लहान मुलाला सांगतात तसं. आवाज साठवलाय कुठे आणि ऐकू येतो कुठून?"

"साठवलाय डिस्कवर. ती कपाटातली वही समजा. वाजवायचा म्हटलं की डिस्कवरून मेमरीत येतो. मेमरी म्हणजे पाटी. वहीतलं पाटीवर उतरवून घ्यायचं आणि पाटीवरून वाचायचं. मशीन जे काही करतं ते पाटीवरून."

"कॉपी करतानासुद्धा?"

"कॉपी करतानासुद्धा. एका वहीतून पाटीवर, पाटीवरून दुसऱ्या..." जावई बोलता बोलता थांबला.

एकवीस टक्के.

"मी आज एकच वाक्य तीनदा ऐकलं," बाई म्हणाल्या. "एकदा 'मग'नंतर फाटलं, एकदा 'वळवताना'च्या मध्येच. आणि मी मागे उभी होते तेव्हा, आधी, 'आरशात'ला फाटलं होतं. वहीत चूक असेल तर पोरगं दर वेळी त्याच शब्दाला अडखळेल. दर वेळी वेगळ्या शब्दाला अडखळतंय, तर वही चांगली आहे. वाचणारा खराब आहे."

बुधवारची ती कॉपी! ती या पाटीवरूनच गेली होती, म्हणून ती कायमची फाटकी. मूळ वही कोणी तपासलीच नव्हती.

"आणि आता हा मनुष्य काय करतोय?"

"वहीतलं वाचून, चुकलेलं दिसलं की दुरुस्त करून परत वहीत..." त्याने पडद्याकडे बघितलं. "आई, तो खराब पाटीवरून वाचून चांगली वही खोडणार आहे!"

एकोणचाळीस टक्के. "थांबवा!" जावई ओरडला. सप्लायरचा माणूस म्हणाला, मध्ये थांबवता येत नाही, वॉरंटी जाईल. मॅडम म्हणाल्या, माझी परवानगी नाही. सासूबाई गुडघ्यावर बसल्या, कपाटामागे हात घातला आणि प्लग उपटला.

५

पडदा काळा पडला.

"आता सगळे बसा," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी यांनी एकच औषध सगळ्या मशीनना दिलं. काकूंचं मशीन मंगळवारी जेवणानंतर बरं झालं. हे मशीन मंगळवारी जेवणानंतर आजारी पडलं. औषध एक, वेळ एक, आणि एक बरं होतं, दुसरं मरतं? औषधाचा काही संबंध नाही. काकूंच्या मशीनमधला रोग मंगळवारी दुपारी उठून इथे चालत आला. आता रोगाला पाय नसतात. त्याला कोणीतरी उचलून आणलं. जावईबापू, एका मशीनमधून काढून दुसऱ्यात बसवता येईल आणि नेल्यावर पहिलं मशीन जरा हळू होईल, असं काय असतं?"

"मेमरीची पट्टी," जावई म्हणाला. "मदरबोर्डवर खाचेत बसवतात ती. दोन असतात. एक काढली तरी मशीन चालतं. हळू चालतं."

"पण सील!" मॅडम म्हणाल्या.

"सीलचा गोंद गरम झाला की सुटतो. मशीन आडवं पाडायचं, सीलवर गरम चहाचा ग्लास ठेवायचा, हलक्या हाताने कागद उचलायचा. काम झालं की परत दाबून बसवायचा. ग्लास सगळ्यांच्या हातात असतो, पण आवाज लवकर घडावा म्हणून जीव कोणाचा तुटत होता?"

कानसेन खाली बघत होता.

"बाई, मला वाटलं बाबा शुद्धीवर येतील तेव्हा आवाज तयार असावा. मेमरी कमी पडतेय म्हणाला प्रोग्रॅम, तर काकू जेवायला गेल्या तेव्हा त्यांच्या मशीनमधली एक पट्टी आणून इथल्या रिकाम्या खाचेत घातली. ती खराब आहे हे देवाशपथ माहीत नव्हतं. काकूंचं मशीन ड्रायव्हरमुळेच बंद पडतं असं सगळे म्हणायचे. मग इथलं बंद पडायला लागलं आणि यांनी सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी..." तो रडायलाच लागला. "मी गप्प बसलो."

"चार दिवस," सासूबाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तू दोरी बघत उभा."

जावयाला त्याच्यावर संतापायचं होतं, पण वेळ नव्हता. त्याने मशीन उघडलं. चार खाचांतल्या तिसऱ्या खाचेत वेगळ्याच रंगाची पट्टी बसली होती. ती काढली. तरी त्या मशीनवर विश्वास ठेवायची त्याची छाती होईना. डिस्कच काढून त्याने काकूंच्या मशीनला जोडली. तेच एक मशीन चार दिवस गुणाने चाललेलं होतं. एकशे सत्तावीस नंबर लावला.

"गाडी वळवताना आधी आरशात बघा, मग हात दाखवा, मग वळा. देव तुमच्या मागे बसलेला नाही."

काकू हसल्या आणि लगेच डोळे पुसायला लागल्या. सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

६

सगळी वाक्यं वाजवून बघायला तीन तास लागले. जेवणाची आठवण कोणाला झाली नाही. अकराशे अठ्ठावन्न चांगली निघाली. बेचाळीस फाटकी होती, आणि कितीदाही लावली तरी त्याच शब्दाला फाटत होती.

"ही वहीतच फाटली आहेत," बाई म्हणाल्या. "पाटीवरची चूक कोणीतरी वहीत उतरवली. कोणी?"

जावयाने त्या बेचाळीस फाइली कधी सेव्ह झाल्या ते उघडून बघितलं आणि लगेच बंद केलं. पण बाईंची नजर इतक्या वर्षांत असले हात ओळखायला शिकली होती.

"उघडा."

"आई, ती माझ्याच हातून गेली असतील. बुधवारी मी कॉपी करत होतो ना..."

"कॉपी करताना मूळ फाइल परत सेव्ह होत नाही, एवढं मला आज सकाळीच कळलंय. उघडा म्हणते ना."

बेचाळीसही बुधवारी, अकरा ते एकच्या दरम्यान. त्या वेळी जावई हॉस्पिटलमध्ये सासऱ्यांजवळ बसला होता. त्याच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलं होतं.

हॉस्पिटलमधून त्याची बायको तीन वाजता आली. बाबांजवळ आत्याला बसवून आली होती, तिच्या हातात अजून डब्याची पिशवी होती. वाक्यं वाचल्याचं ऐकून ती आधी हसली, मग भिंतीला टेकून खाली बसली. "किती?" तिने विचारलं.

"बेचाळीस सोडून सगळी," जावई म्हणाला. "ती राहू दे. एवढ्यात आवाज घडतो आरामात."

"कुठली बेचाळीस?"

तिने स्वतःच यादी बघितली. बाराव्या ओळीपर्यंत आल्यावर तिने तोंडावर हात घेतला.

"ही शेवटच्या दिवसाची आहेत. खोकल्याची. बुधवारी मी बसले होते इथे. मला तो खोकला ऐकवेना. म्हटलं बाबांचा आवाज स्वच्छ राहावा, म्हणून एकेका वाक्यातला खोकला कापून सेव्ह करत गेले. मधून मधून फाटत होतं, मला वाटलं यांच्या अपडेटनेच." तिने नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे ही मी घालवली. आणि तुला मी..."

"मशीन आजारी होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "तू काय करणार?"

ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून उभी राहिली. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, झाला. बोलायला त्यांना जमलं नाही.

७

तीन आठवड्यांनी सासरे घरी आले. गळ्यावर मधोमध एक छिद्र, त्यावर जाळीचा रुमाल. कानसेन आणि जावयाने मिळून आवाज घडवला होता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, सगळी भोवती बसली, आणि सासऱ्यांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली.

"बायको, कॉपी पकडणारी, माझ्या ताटात मीठ कमी आहे," मशीन म्हणालं. तंतोतंत त्यांचा आवाज. सासूबाईंना हसावं की रडावं कळेना, आणि त्यांनी दोन्ही केलं.

मग सासऱ्यांनी यादी मागितली. त्या बेचाळीस वाक्यांची. त्यांना सगळं सांगितलेलं होतं, आणि ते त्यावर हसले होते. एक वाक्य त्यांनी निवडलं आणि शब्द न् शब्द टाइप केलं.

"पहिल्यांदा गाडी बंद पडली की घाबरायचं नाही, सगळ्यांची पडते," मशीन म्हणालं. स्वच्छ, स्पष्ट, दम न लागता.

ते लेकीकडे बघत होते. बघ, परत मिळालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तिचा चेहरा वेडावाकडा होत होता.

"काय झालं गं?" जावयाने विचारलं.

"यात 'सगळ्यांची'च्या आधी खोकला होता," ती म्हणाली. "मला तो हवाय."

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना ढास लागली. गळ्यावरचा रुमाल हलला, हवा फुसफुसली, बाकी काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाने रजा टाकली आणि सकाळपासून अकराशे अठ्ठावन्न वाक्यं एकेक करून कान लावून ऐकली, कुठे तरी एखादा खोकला राहिलाय का बघायला. कानसेनने एकही राहू दिला नव्हता.